दोन ते आठ

बाहेर चव्वेचाळीस.
अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला धरून ठेवतं.
माझ्या मांडीवर थर्मासचा डबा,
त्यात बर्फाच्या दोन पिशव्या,
मध्ये रुमालात गुंडाळलेली एक सुई,
जिला दोन ते आठ अंशांतच जगता येतं.
हलवू नका, गोठवू नका, उन्हात नेऊ नका.
सोलापुरात!

रिक्षावाला विचारतो, कुल्फी का?
मी हो म्हणतो.

मी जकार्डची कार्डं पंच करतो. बावीस वर्षं.
पुठ्ठ्याला भोक पडलं की धागा उठतो,
नाही पडलं तर बसून राहतो.
एवढ्याशा अकलेवर चादरीत मोर येतो.
एकदा एकच भोक चुकलं
आणि साठ चादरींवरचे मोर आंधळे निघाले.
शेठ तोंडानं काही बोलले नाहीत,
पगारातून बोलले.

म्हणून वैराळे मॅडम जेव्हा सांगू लागल्या
की तुमच्या अंगातले शिपाई
तुमच्याच डोळ्याला परका समजतात,
सकाळी कंबरेचं लाकूड होतं तीही त्यांचीच करणी,
मी म्हटलं, कळलं मॅडम, कार्ड चुकलंय.
त्या हसल्या.
म्हणाल्या, हो, पण हे फाडून नवं करता येत नाही.

चार वर्षांत डावा डोळा सात वेळा पेटला.
ट्यूबलाइट खडा मारल्यासारखी लागायची.
बाहुली आतल्या भिंगाला चिकटली,
आता ती गोल नाही,
कुणी घाईत कापलेल्या टिकलीसारखी आहे.
स्टिरॉइडनं गाल फुगले,
गल्लीत सगळे म्हणाले, तब्येत सुधारली.
रक्तात साखर उतरली, तेवढी मात्र कुणाला दिसली नाही.

मग हे नवं औषध.
गोळी नव्हे, कुठल्यातरी जिवंत पेशींत वाढवलेलं प्रथिन,
शिपायांच्या कानात जाऊन सांगणारं: गप बसा.
पण आधी एक प्रश्न:
घरात कुणाला टीबी झाला होता?

नाही, मी म्हटलं.
आई बाकावर बसलेली,
तिची बोटं सवयीनं मांडीवर विडी वळत होती,
पान नाही, तंबाखू नाही, नुसतीच वळत होती.
ती थांबली.
माझ्याकडे न बघता तेलुगूत म्हणाली,
बिड्डा, तू दोन वर्षांचा होतास,
मी आठ महिने सिरसिल्ल्याला माहेरी होते ना?
तिथं नव्हते.

एवढंच.
भिंतीवरचं अक्षरांचं पाटीचित्र
वरून खालपर्यंत लहान होत गेलं.

मॅडमनी लिहून घेतलं.
शिपाई गप बसले की झोपलेला जंतू उठतो, म्हणाल्या.
माझ्या हातावर टोचलं, दोन दिवसांनी गाठ आली.
म्हणजे जायच्या आधी तिनं मला
भरपूर छातीशी धरलं होतं.
पस्तीस वर्षांनी गाठीनं साक्ष दिली.
आधी महिनाभर त्या गोळ्या, मग सुई.
गोळ्या अजून चालूच आहेत,
आई रोज मोजून हातावर ठेवते,
तिची बोटं तेवढ्यापुरती थरथरतात.

आमच्याकडे फ्रीज नाही.
शमशादभाभीच्या फ्रीजमध्ये
दह्याच्या गंजाशेजारी, कोथिंबिरीच्या वर माझी जागा.
लाइट गेली की भाभी दारावर ओढणी बांधते,
पोरांना दटावते, उघडू नका रे,
आत काकांचा डोळा आहे.

मंगळवारी सुई बाहेर काढून अर्धा तास ठेवायची,
तिलाही घरच्या हवेची सवय व्हायला हवी.
पोटाची चिमूट, एक टिच्,
दहापर्यंत मोजायचं.
आई अकरापर्यंत मोजते.

बरा झालो असं नाही.
पण काल संध्याकाळी कारखान्यात
कार्ड खिडकीशी धरलं,
भोकाभोकांतून जोडबसवण्णा चौकाकडचा उजेड आला,
आणि मोराच्या डोळ्याचं भोक
मी बोटानं नाही, डोळ्यानं शोधलं.
मग परत बोटानंही तपासलं.

पुढच्या सुईचे पैसे अजून जमायचेत.
योजनेचा कागद कुठल्यातरी टेबलावर आहे.
भाभीनं कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी
एक टिंब करून ठेवलंय.